तिघींना मारलेली हाक

माझ्या मावशीला एकवस्तीत पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि तिचा गुन्हा एवढाच की तिनं एका वेळी तिघींना हाक मारली.

आमच्याकडे घराबाहेर एका माणसानं एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं असतं. दोघं म्हणजे जोडी, तिसरं आलं की गर्दी. तुम्ही दोघी रस्त्यात बोलत उभ्या असाल आणि ओळखीची तिसरी दिसली, तर ती थोडी लांब थांबून हलकेच खाकरते. मग दोघींपैकी एकीनं काढता पाय घ्यायचा. कोणी घ्यायचा, यावरून जन्माचे रुसवे होतात. घरात एका छपराखाली राहणाऱ्यांना सूट आहे, पण तीही खिडक्या लावून. गप्प राहून कितीही जणांनी मिळून काम करावं, त्याला कोणाची ना नाही. नाहीतर कारखाने कसे चालले असते? बंदी आहे ती बोलण्याला. सगळ्यांशी एकदम बोलायचा हक्क फक्त कर्ण्याला. कर्णा रस्त्यातल्या खांबावर असतो, दवाखान्यात असतो, वर्गात फळ्याच्या वर असतो. धडेसुद्धा तोच शिकवतो. बाई नुसत्या बाकाबाकांमधून फिरतात आणि एकेकीच्या कानाशी वाकून विचारतात, समजलं का. नाही समजलं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, अजून अर्धा वर्ग राहिलाय गं बाई.

आणि एकवस्ती म्हणजे ज्यांचा जोडीचाही हक्क काढून घेतलाय त्यांची जागा. गाडीच्या शेवटच्या थांब्यापलीकडे टेकडीवर आहे. एकाला एक खोली, ताट झडपेतून आत येतं, झडपेतून बाहेर जातं. आमच्या गल्लीतला चष्मेवाला तिथून परत आला तेव्हा मी त्याच्याकडे काच बसवायला गेले होते. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी बोटानं खुर्ची दाखवली. पूर्वी हाच माणूस काच पुसता पुसता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. राहते आमच्याच घरात आणि शिकवते आमच्याच शाळेत, पुस्तकबांधणी. शाळेत तिला खळबाई म्हणतात, कारण तिच्या हातांना कायम खळीचा वास येतो. मला घरीदारी शिट्टी म्हणतात. का, ते माझ्याशी दोन वाक्यं बोललेल्या कोणालाही कळतं. गेल्या वर्षीपर्यंत मला या नावाची लाज वाटायची आणि मी तोंडावर हात ठेवून बोलायचे. या वर्षी हात काढला. आवाज आहे तर आहे. तो काही मी दुकानातून आणलेला नाही.

झालं ते असं. बांधणीच्या वर्गात भिंतीशी एक लोखंडी दाबयंत्र आहे. शिवलेली पानं त्यात घालून वरचं चाक फिरवलं की पुस्तक दाबून सपाट होतं. ज्या लाकडी घोडीवर ते ठेवलेलं होतं तिचा एक पाय कित्येक महिने कुरकुरत होता. त्या दिवशी तो मोडला आणि यंत्र बुटकीच्या पायावर आलं. बुटकी आमच्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती पांढरी पडली.

मावशीनं हाक मारली. शब्द काय होते ते खरंच कोणाला आठवत नाही. कर्ण्यावर भूमितीचा धडा चालू होता आणि त्याच्या वरताण तिचा आवाज गेला एवढंच आठवतं. मी धावले, माझ्या बाकावरची लांबवेणी धावली, आणि दाराजवळच्या बाकावरून टाचणी धावली, जी इतकी बारीक आहे की ती काही उचलेल असं कोणाला वाटू नये. पण उचललं. चौघींनी मिळून ते धूड वीतभर वर घेतलं आणि बुटकीनं पाय ओढून घेतला.

आणि मग आम्ही काय केलं? आपापल्या बाकांवर जाऊन बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून हाडात मुरलंय ते. त्यामुळे बोटमोड्या धावत आला तेव्हा त्याला दिसल्या फक्त मावशी आणि बुटकी, एक साधी जोडी.

बोटमोड्या म्हणजे आमच्या शाळेचा मोजणीदार. उंच स्टुलावर बसून दिवसभर माणसं मोजतो, बोटं मोडत मोडत. शाळेच्या दारावर पाटी आहे, ‘या शाळेत झालेली गर्दी: शून्य’. ते शून्य त्याचं. दर वर्षी त्याला त्याबद्दल पितळी बिल्ला मिळतो आणि तो सगळे बिल्ले मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत ओळीनं टांगून ठेवतो. आता गंमत बघा. गर्दी झाली तर दोष मोजणीदाराचा. पण कोणी एकटीनं अनेकांना हाक मारली तर तो दोष तिचा एकटीचा, आणि पकडल्याचं श्रेय मात्र मोजणीदाराचं. बोटमोड्यानं बुटकीच्या पायाकडे पाहिलं, चौघींशिवाय न हलणाऱ्या यंत्राकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि तडक कचेरीत जाऊन ‘तिघींना हाक’ अशी नोंद केली.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात खिडक्या लावलेल्या होत्या. आई उकडलेले बटाटे सोलत होती आणि मावशी टेबलावरच पिशवी भरत होती.

“लोकरीचे मोजे घे,” आई म्हणाली. “वर गारठा असतो म्हणतात.”

“घेते. आणि ताई, या शिट्टीची बडबड दोन डबे भरून दे. पुरवून पुरवून ऐकेन.”

कोणी हसलं नाही. मग बाबांना हसू फुटलं आणि त्याच क्षणी आईच्या हातातला बटाटा तिच्या बोटांत चुरून गेला.

“अजून सुनावणी व्हायची आहे,” मी म्हटलं. “आत्तापासून मोजे कसले भरताय?”

“सुनावणीत काय होणार?” बाबा म्हणाले. ते गाड्यांच्या आगारात काम करतात आणि तिथल्या दोघांच्या सुनावण्या त्यांनी पाहिल्या आहेत. “खोलीत हजर असलेल्या प्रत्येकीला आत घेणार. एकच प्रश्न विचारणार, हाक कोणाला मारली? एक म्हणाली मला आणि हिला, दुसरी म्हणाली आम्हा तिघींना, की खेळ खलास.”

“आणि मी काय म्हणायचं?”

“तू काहीच नाही. तू घरची. घरच्यांची साक्ष धरत नाहीत.”

हे ऐकून मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या तोंडावर तो जुना हात पुन्हा आणून ठेवला. सगळा वर्ग बोलणार आणि शिट्टी गप्प बसणार. मी बटाटा खात राहिले. आणि खाता खाताच सुचलं.

“समजा प्रत्येकीनं सांगितलं की मला,” मी म्हटलं. “फक्त मला.”

“म्हणजे?” आई.

“म्हणजे टाचणी म्हणणार मला हाक मारली. लांबवेणी म्हणणार मला. खिडकीजवळच्या बाकावरची म्हणणार मला. एकीला मारलेली हाक हा गुन्हाच नाही ना? मग कोणाची साक्ष मावशीच्या विरुद्ध गेली?”

बाबांचा चमचा हवेतच राहिला. “अगं, पण सगळ्यांना कशी मारली असेल? साहेब काय दुधखुळा आहे का? त्याला लगेच कळेल पोरींनी मिळून ठरवलंय.”

“मिळून? आमच्या शाळेत? तिथली गर्दी शून्य आहे, बाबा.”

बाबांनी चमचा ताटात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, “ही कोणावर गेलीय?”

“माझ्यावर नाही,” मावशी म्हणाली. तिनं पिशवीचा बंद आवळला. “शिट्टे, हे बघ. माझ्यापायी एकाही मुलीला गोत्यात आणायचं नाही. उलटलं तर त्या सगळ्या अडकतील. मला वर जायला चालेल, ते चालणार नाही. ऐकतेस ना?”

“ऐकते,” मी म्हटलं. ऐकत होतेच की. कान उघडे होते माझे.

आता फिरती काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधल्या सुट्टीत आम्ही अंगणात दोन रिंगणं करतो, एक आतलं, एक बाहेरचं. आतल्या रिंगणातल्या मुली जागेवर उभ्या, बाहेरच्या त्यांच्यासमोर. बोलायचं समोरच्या मुलीशी. घंटा झाली की बाहेरचं रिंगण एक जागा पुढे सरकतं आणि समोर नवी मुलगी येते. अशा घंटा होतच राहतात. जोडी मुरू नये, एकीचं एकीशी गूळपीठ होऊ नये, म्हणून कचेरीतल्या कोणा हुशार माणसानं हे बसवलं. माझी आई शाळेत होती तेव्हापासून चालू आहे. त्या हुशार माणसाच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की कोणाशीच मैत्री होऊ नये म्हणून त्यानं प्रत्येकीला प्रत्येकीसमोर नेऊन उभं करायची सोय केली आहे.

मी बाहेरच्या रिंगणात. पहिल्या घंटेला समोर टाचणी होती.

“परवा विचारतील हाक कोणाला मारली. मला, एवढंच सांगायचं. तुझ्यासमोर जी येईल तिला हे सांग.”

“मला म्हणजे मला, की तुला?”

“तुला, म्हणजे तुझ्या तोंडून मला.”

“एवढंच ना? मग घोळ कशाला घालतेस,” टाचणी म्हणाली आणि घंटा झाली.

मी एक जागा सरकले. माझ्या मागची मुलगी टाचणीसमोर आली, आणि मी मान न वळवता पाहिलं, टाचणीचे ओठ हलत होते. पुढच्या घंटेला मी तिसऱ्या मुलीला सांगत होते, दुसरी माझ्या मागचीला, टाचणी तिच्याही मागचीला. मी शिवणाची दोरी ओढत नेतेय आणि मागे एकेक पान आपोआप बांधलं जातंय, असं वाटत होतं. बोटमोड्या स्टुलावर बसून मोजत होता. एक जोडी, दुसरी जोडी, सगळ्या जोड्याच. त्यानं समाधानानं मान हलवली. मला इतकं हसू येत होतं की गाल आतून चावून धरला.

आणि मग समोर पहिली आली.

पहिली म्हणजे जिचा नंबर कायम पहिला. छातीवर ‘आदर्श जोडीदार’ असा बिल्ला, वेणीतला एक केस इकडचा तिकडे नाही. मी सांगितलं ते तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

घंटा झाली. मला सरकावं लागलं.

घरी गेल्यावर कोणाला काही बोलले नाही, पण ताटातलं नुसतं चिवडत बसले. बाकी सगळ्यांनी मला म्हटलं आणि पहिली म्हणाली की नाही, या सगळ्या शिकवून आणलेल्या आहेत, तर तिचा बिल्ला आणि तिचा शब्द पुरेसा होता. मावशीच खरी ठरली असती. एक जण वर जायची तिथे सगळा वर्ग गोत्यात आला असता, आणि आणणारी मी. समोर मावशी बसली होती आणि मला विचारत होती, मीठ कमी आहे का गं. मी म्हटलं, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी फिरतीत मी घंटा मोजत पहिलीची वाट पाहिली. समोर आल्या आल्या तीच बोलली.

“मी खोटं बोलत नाही. कोणासाठीच नाही.”

“नको बोलू. मला फक्त सांग, हाक ऐकू आली तुला?”

“आली.”

“मग तू काय केलंस?”

तिनं बिल्ल्याला हात लावला. “उठले.”

“पूर्ण?”

“अर्धी. तोवर तुम्ही पोचलात.”

“तुला कोणी सांगितलं उठायला?”

“कोणी नाही. मला वाटलं...” ती थांबली. घंटा कधीही झाली असती. “मला वाटलं मलाच बोलावलंय.”

“मग खोटं काय आहे त्यात?”

तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. वर्गात तिच्या आधी उत्तर कोणी दिलं की होतं ना, तसं. घंटा झाली आणि मी सरकले. ती हो म्हणाली नव्हती. पण नाहीही म्हणाली नव्हती.

सुनावणीच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंची खोली रिकामी केली होती. बाहेरच्या लांब बाकावर आम्हाला एक सोडून एक अशा जागांवर बसवलं. मावशी पलीकडच्या खोलीत, तिची पिशवी तिच्या मांडीवर. कचेरीतून आलेल्या साहेबांना सर्दी झाली होती. दार उघडलं की आतून आधी शिंक यायची, मग नाव.

दाराला धुरकट काच होती. टाचणी आत गेली आणि लगेच बाहेर आली. लांबवेणी गेली, आली. जी बाहेर येई ती माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टेके, “मला,” एवढं म्हणे आणि उठून वर्गात जाई. हळूहळू शिंकांमधलं अंतर कमी व्हायला लागलं. मध्येच साहेबांनी मुलीला बाहेर पाठवलं आणि बोटमोड्याला आत बोलावलं. मग त्याला बाहेर पाठवलं आणि मुलीला पुन्हा आत घेतलं. मग पुन्हा तिला बाहेर, त्याला आत. नियम साहेबांनाही आहे ना. दोघांना समोरासमोर उभं करून काय ते एकदा विचारायची सोय नाही. चिमण्यांच्या घड्याळासारखे ते दोघं आलटून पालटून दारातून बाहेर येत होते आणि बोटमोड्याच्या कपाळावर दर खेपेला नवा घाम.

मग पहिली आत गेली.

ती लवकर बाहेर आली नाही. काचेतून तिची सावली दिसत होती, ताठ, हात मागे. साहेबांची सावली दोनदा उभी राहिली. मी मावशीच्या बंद दाराकडे बघायचं टाळलं.

अखेर ती आली आणि माझ्याशेजारी बसली, गुडघ्याला गुडघा जुळवून.

“मी म्हटलं मला.”

मी श्वास सोडला.

“मग ते म्हणाले, बाकीच्या सगळ्या म्हणतात त्यांना. मी म्हटलं, बाकीच्यांचं मला कसं माहीत असेल? मी एका वेळी एकीशीच बोलते.” तिनं बिल्ला सरळ केला. “मग त्यांनी विचारलं, तुझा आवाज का थरथरतोय. मी म्हटलं, तुमची सर्दी मला लागतेय.”

पहिली असं म्हणाली. पहिली. मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात शिंक आली आणि माझं नाव आलं.

साहेब वाळलेले, नाकाचा शेंडा लाल. पाठीमागे भिंतीवर बोटमोड्याचे बिल्ले चमकत होते. बोटमोड्याला बाहेर उभं केलं होतं, पण दार पुरतं लागलेलं नव्हतं.

“तुझी साक्ष धरायची नाहीये,” साहेब म्हणाले. “तू घरची. नुसतं बोलायचं आहे. हे तूच केलंस ना?”

“काय, साहेब?”

“या पोरींना शिकवलंस.”

“कधी? एकत्र आलो असतो तर मोजणीदारकाकांना दिसलं असतं. त्यांची नजर फार तेज आहे.”

“सुट्टीत केलंस.”

“सुट्टीत फिरती असते. ती कचेरीनंच बसवली आहे.”

त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि रुमालाच्या आडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आवाज मऊ केला. “हे बघ पोरी. तू नुसतं कबूल कर की मावशीनं तिघींना बोलावलं. मी तिला थोडक्यात सोडवतो. हिवाळा संपायच्या आत घरी येईल. नाहीतर मला सगळा वर्ग एकवस्तीत पाठवावा लागेल.”

खरं सांगते, इथे मला ते पटायला लागलं. हिवाळा संपायच्या आत. आई मोजे बांधून देईल, मावशी परत येईल, आणि टाचणी, लांबवेणी, पहिली सगळ्या सुटतील. मी तोंड उघडलंसुद्धा. मग मला चष्मेवाल्याचं ते उघडं तोंड आठवलं आणि मी माझं मिटलं. आणि नीट विचार केला. साहेबांना खरंच पाठवता आलं असतं, तर ते माझ्याशी मऊ कशाला बोलले असते?

“पाठवा, साहेब,” मी म्हटलं. “पण कशाबद्दल पाठवलं ते लिहावं लागेल ना?”

“म्हणजे?”

“मिळून ठरवलं, असं लिहिलंत तर ती गर्दी झाली. एवढी मोठी गर्दी या शाळेत. पाटी बदलावी लागेल. शून्य पुसून काय घालायचं ते मोजणीदारकाकांना विचारा. आणि हे बिल्ले कोणी दिले, कोणाच्या सहीनं, तेही निघेल.” माझा आवाज नेहमीसारखा चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “आणि मिळून ठरवलं नाही, असं म्हणालात तर प्रत्येकीची साक्ष आपापली खरी. मग हाक एकीलाच होती.”

“एवढ्या सगळ्या एकी?”

“तुम्ही एकेकीलाच विचारलंत, साहेब.”

साहेब वळले आणि भिंतीवरच्या बिल्ल्यांकडे बघायला लागले. खाली कोपऱ्यात प्रत्येकावर सही होती. कोणाची ते मला माहीत नव्हतं, पण त्यांच्या लाल नाकाचा रंग ज्या वेगानं उतरला त्यावरून मी ओळखलं.

“बाहेर थांब,” ते म्हणाले.

मी बाहेर, बोटमोड्या आत. दार याही वेळी पुरतं लागलं नाही.

“तुमच्या शाळेत गर्दी झाली का?”

“गर्दी?” बोटमोड्याचा आवाज चिरकला. “माझ्या शाळेत? शक्यच नाही, साहेब. इतकी वर्षं...”

“मग सगळ्या पोरी एकच उत्तर कशा देतात?”

“ते... खरंच असेल म्हणून.”

“मग तुम्ही ऐकली ती हाक तिघींना कशी?”

बोटं मोडल्याचा आवाज तेवढा आला, एकामागून एक, दोन्ही हातांची. “तसं बघितलं तर, साहेब,” तो म्हणाला, “यंत्र पडल्याचा आवाज फार मोठा होता. त्यात नेमकं काय ऐकलं... आणि कर्णाही चालू होता. भूमिती.”

साहेब शिंकले. ती शिंक मला निकालासारखी वाटली आणि निकाल तोच होता. हाक अनेकांना मारल्याचं सिद्ध होत नाही. बाई कामावर राहतील. यंत्राची घोडी तेवढी बदलावी.

मावशीला ते पलीकडच्या खोलीत जाऊन सांगितलं गेलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की कोणीतरी तिला झोपेतून उठवून दुसऱ्याच घरात आणून सोडलंय. आम्ही दोघी फाटकाबाहेर पडलो. शाळा सुटली होती. रस्त्यावर मुली चालल्या होत्या, दोघी दोघी, जोड्यांमध्ये हवं तेवढं अंतर ठेवून, पण आज सगळ्या एकाच दिशेनं आणि भलत्याच सावकाश. टाचणीचं घर खरं तर उलट्या बाजूला आहे.

“मी तुला नको म्हटलं होतं,” मावशी शेवटी म्हणाली.

“हो.”

“तू ऐकते म्हणालीस.”

“ऐकलं होतं.”

“अक्कल गहाण टाकली होतीस का? एकीचा पाय घसरला असता तर सगळ्या घसरल्या असत्या. बुटकीच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?” तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग आणखी थोडं चालल्यावर म्हणाली, “पलीकडे बसून मी नुसत्या शिंका मोजत होते.”

मी तिची पिशवी घेतली. मोज्यांच्या मानानं जडच होती. आत काय काय भरलंय देव जाणे.

“ती बिल्लेवाली,” मावशी म्हणाली. “तिनं काय सांगितलं?”

मग मी सांगायला लागले. रिंगणातल्या पहिल्या घंटेपासून, टाचणीचा घोळ, पहिलीचं अर्धं उठणं, चिमण्यांचं घड्याळ, सर्दी लागतेय म्हणाली ते. पुढची जोडी लांबवेणीची होती. ती चालता चालता इतकी हळू झाली की आमच्या अगदी पुढ्यात आली, मान समोर, कान मात्र मागे. मागच्या जोडीची पावलंही जवळ ऐकू यायला लागली. मावशीनं ते पाहिलं. कोपऱ्यावरचा रस्त्याचा मोजणीदार उंच स्टुलावरून आमच्याकडे बघत होता आणि बोटं मोडत होता, एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी.

मी थांबले. मला वाटलं, आता ती म्हणणार, घरी जाऊन बोलू, खिडक्या लावून.

मावशीनं मोजणीदाराला मान लववून नमस्कार केला आणि त्याच चालीत, त्याच सरळ चेहऱ्यानं मला म्हणाली, “थांबलीस का? आणि जरा मोठ्यानं सांग, पुढच्यांना नीट ऐकू जात नाहीये.”